मधलं घर

गेल्या पावसाळ्यात माझ्या घराचं वर्षाचं उत्पन्न दोन लाख पासष्ट हजार दोनशे रुपये झालं. मला पत्ताच नव्हता. एका सरकारी कचेरीत टेबलामागं बसलेल्या माणसानं ते मला सांगितलं, कागदावर लिहिलं, शिक्का मारला. घरी येऊन मी आईला म्हणालो, आई, आपण श्रीमंत झालो.

त्याचा हिशोब सरळ होता. गोदीत रोज किती? साडेआठशे. महिन्याचे दिवस? सव्वीस. महिने बारा. खल्लास. मी म्हणालो, साहेब, बोट लागली तर काम, नाहीतर गेटवर बसून तंबाखू मळायची. मी ठेकेदाराकडचा माणूस. गेल्या साली माझे एकशे नव्वद दिवस भरले. घरात कमावता मी एकटा. म्हणजे एक लाख एकसष्ट हजार पाचशे. तो म्हणाला, एकशे नव्वद दिवसांचा कागद आण. ठेकेदार असला कागद देत नाही हे मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. मागं रांग उभी होती. मी शिक्क्याचा कागद उचलला.

बहिणीच्या शिष्यवृत्तीला अडीच लाखांची मर्यादा आहे. पंधरा हजार दोनशेनं आम्ही वर गेलो. फी माफ राहिली, पण हातात पडणारा निर्वाह भत्ता गेला, आणि त्या भत्त्यावर तिचा रेल्वेचा पास होता. ती कॉमर्सला आहे. रात्री भाकरी खाताना म्हणाली, "दादा, त्यानं अंदाज केला. अंदाज करायला माझी ना नाही. पण हा अंदाज आहे असं त्यानं लिहायला पाहिजे होतं ना? चूक किती होऊ शकते तेही."

ही पोर बोलून झोपली आणि मी जागा राहिलो. त्यातूनच हे संपादकीय निघालं, आणि ते आहे अमेरिकेतल्या काउंट्यांच्या उत्पन्नाबद्दल. हसू नका. दोस्त हसलेच. म्हणाले, अंकाची पहिली पानं तू अमेरिकेच्या सांख्यिकीला देणार? आपल्या पोरांना काय त्याचं?

काय त्याचं ते सांगतो.

अलाबामा राज्यात लाउन्ड्स नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, फक्त काही काउंट्यांत माणसं आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढीच. सेल्मा आणि माँटगोमेरी ही दोन शहरं, त्यांच्यामधे ही. १९६५ साली मतदानाच्या हक्कासाठी निघालेला मोर्चा या काउंटीतून चालत गेला. त्या वर्षाच्या सुरुवातीला तिथं पाच माणसांत चार काळे होते आणि मतदार यादीत काळा एकही नव्हता. एकसुद्धा. स्टोकली कारमायकेल आणि त्याचे साथी तिथं जाऊन राहिले, तिथल्याच जॉन ह्युलेटसारख्या माणसांबरोबर त्यांनी काउंटीपुरता स्वतःचा पक्ष उभा केला. मत नोंदवलं म्हणून जमीनमालकांनी कुळांना घराबाहेर काढलं, ती माणसं तंबूत राहिली. वाचता न येणाऱ्या मतदारासाठी पक्षाला चिन्ह लागायचं. गोऱ्यांच्या पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा. यांनी काळा पँथर घेतला.

१९६६ च्या नोव्हेंबरातली निवडणूक ते हरले. पण त्याच सालच्या ऑक्टोबरात तिकडं ओकलंडला, तेही बंदराचंच शहर, ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी तो पँथर उचलला होता. आणि १९७२ साली मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीनं त्याच्या आधी 'दलित' हा शब्द लावला. ज्या नावाच्या सावलीत आपण वाढलो, त्याचा जन्मदाखला लाउन्ड्स काउंटीचा आहे. चार वर्षांनी, १९७० साली, ह्युलेट त्याच काउंटीचा शेरीफ म्हणून निवडून आला. हे आपल्या भाषणांत येत नाही, आलं पाहिजे.

त्याही आधीची एक गोष्ट आहे, आणि ती मला जास्त डसली. १९०६ साली ड्युबॉइस याच लाउन्ड्समध्ये आले होते. सरकारच्या कामगार ब्युरोसाठी त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी सुमारे सहा हजार काळ्या कुटुंबांची घरोघर गणती केली. कुणाच्या जमिनीवर कसतो, खंड किती, कर्ज किती. काही भागांत त्यांना बंदुका दाखवल्या गेल्या. तरी काम पुरं केलं, अहवाल लिहिला. ब्युरोनं तो छापला नाही. राजकारणाला शिवतो म्हणाले. पुढं ड्युबॉइसनी हस्तलिखित परत मागितलं तेव्हा उत्तर मिळालं, नष्ट केलं.

सहा हजार घरं मोजली आणि कागद नष्ट केला! आपल्याकडं कागद नष्ट करत नाहीत, कपाटात ठेवतात. त्याकडं येतोच.

हेच ते ड्युबॉइस, ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या काळ्यांनी युनोकडं जो अर्ज दिला त्याची प्रत मागायला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस अर्जाची नुसती बातमी वाचून थांबला नाही, त्याला कागद पाहायचा होता.

आता आजचं लाउन्ड्स. २०२० च्या खानेसुमारीत माणसं भरली १०,३११. ओकलंड ज्या अलामेडा काउंटीत आहे तिथं १६ लाख ८२ हजारांवर. अमेरिकन सरकारला दोन्हीकडच्या मधल्या घराचं उत्पन्न दरवर्षी हवं असतं. मधलं का, सरासरी का नाही? गोदीतला हिशोब घ्या. दहाजण टोळीत, प्रत्येकाला साडेआठशे. अकरावा ठेकेदार, तो दिवसाला वीस हजार पाडतो. सरासरी काढा: माणशी दोन हजार पाचशे नव्वद. वा! आता अकराजणांना कमाईप्रमाणं रांगेत उभं करा आणि सहाव्याचा खिसा बघा. साडेआठशे. ठेकेदारानं उद्या वीसचे चाळीस हजार केले तरी सहाव्याच्या खिशात साडेआठशेच. याला दहावीच्या पुस्तकात मध्यक म्हटलंय. मी परीक्षेत सोडवला होता, कशासाठी असतो ते गोदीत कळलं.

रांग लावायची तर प्रत्येक घराला विचारायला पाहिजे. कुठलं सरकार विचारतं? २००० सालापर्यंत तिथं खानेसुमारीच्या वेळी साधारण सहा घरांत एका घराला मोठा फॉर्म जायचा, त्यात उत्पन्न विचारायचे. तेही दहा वर्षांतून एकदा. २००५ पासून दरवर्षीची पाहणी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली, आता देशभरात वर्षाला सुमारे ३५ लाख पत्त्यांवर फॉर्म जातो. आकडा मोठा वाटतो. पण तीन हजारांवर काउंट्यांत वाटला की लहान काउंटीच्या वाट्याला मूठभर घरं येतात. मूठभर घरांत एखादा दुकानदार जास्त आला की मधलं घर वर सरकलं, दोन विधवा जास्त आल्या की खाली. म्हणून ६५ हजारांच्या वर वस्ती असेल तरच त्या पाहणीचा एका वर्षाचा नेहमीचा आकडा छापतात. साधारण चौथा हिस्सा काउंट्याच त्यात बसतात. अलामेडा बसते. लाउन्ड्स नाही. तिला पाच वर्षांची घरं एकत्र करून काढलेला आकडा मिळतो. पाच वर्षांत माणूस कामाला लागतो, सुटतो, मरतोसुद्धा.

मग एका वर्षाचा आकडा आणायचा कुठून? १९९४ च्या कायद्यानं तिथल्या सेन्सस ब्युरोला सांगितलं की काउंटी आणि शाळा-जिल्ह्यांतल्या गरीब मुलांचे ताजे आकडे द्या, कारण गरीब मुलांच्या शाळांना द्यायचा केंद्राचा पैसा, जो १९६५ च्या कायद्यापासून सुरू आहे, तो त्यावर वाटायचा आहे. जुन्या गणतीवर वाटला तर पोरगं शाळा सोडून कामाला लागेपर्यंत त्याच्या नावाचा पैसा पोचायचा नाही. त्यातून लहान भागांच्या उत्पन्न आणि दारिद्र्याच्या अंदाजांचा कार्यक्रम उभा राहिला. सायपे म्हणतात त्याला. पैसा वाटला जातो गरीब मुलांच्या आकड्यावर. मधल्या घराचं उत्पन्न हा त्याच कारखान्यातला दुसरा माल.

माल कसा बनतो ते बघा, कारण शिकण्यासारखं इथंच आहे.

दोन काटे असतात. पहिल्या काट्यावर त्या वर्षी काउंटीत प्रत्यक्ष विचारलेल्या घरांचा मध्यक. दुसऱ्या काट्यावर त्या घरांना न विचारता काढलेला अंदाज. तो असा: प्राप्तिकराचे परतावे भरले गेले त्यातलं मधलं उत्पन्न, लोकांच्या एकूण उत्पन्नात सरकारी मदतीचा वाटा, आधीच्या गणतीतला आकडा, असल्या गोष्टी प्रत्येक काउंटीच्या हाताशी असतातच. देशभरच्या काउंट्या एकत्र घेऊन त्यांचा मधल्या घराच्या उत्पन्नाशी काय मेळ बसतो ते गणितानं काढतात. मग म्हणतात, ज्या काउंटीत हे असं आणि ते तसं, तिथलं मधलं घर साधारण इतकं कमवत असणार. शेवटी दोन्ही काट्यांचं वजन एकत्र करतात, पण निम्मं-निम्मं नाही. ज्या काट्याची सुई कमी हलते त्यावर जास्त भरवसा. अलामेडात घरं भरपूर विचारलेली, तिथं लोकांच्या तोंडचा आकडा चालतो. लाउन्ड्समध्ये सुई थरथरते, म्हणून तिथं दुसऱ्या काट्याकडं झुकतात. ज्या काउंटीनं जगाला पँथर दिला, तिच्या मधल्या घराचा आकडा बराचसा तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर काउंट्यांकडून उसना आणलेला असतो.

आणि शेजारी दोन टोकं छापतात. कमीत कमी इतकं, जास्तीत जास्त इतकं, भरवसा शंभरात नव्वद. माझ्या बहिणीनं भाकरी खाताना जे मागितलं ते हेच.

या युक्तीमागची कथा अजून बोलकी आहे. १९७२ साली तिथं केंद्राचा महसूल गावोगाव वाटायचा कायदा झाला, आणि वाटपाच्या सूत्रात गावाचं माणशी उत्पन्न आलं. १९७० च्या खानेसुमारीत उत्पन्न विचारलं होतं पाच घरांत एकाला. गाव दोनशे माणसांचं असेल तर किती घरं आली? बारा-तेरा. त्यावर काय विसंबायचं? ब्युरोनं मग पाचशेच्या आतल्या गावांचं स्वतःचं उत्तर बाजूला ठेवलं आणि त्यांना अख्ख्या काउंटीची सरासरी चिकटवून दिली.

दोस्तांनो, हे वाचताना मी हातातला चहा खाली ठेवला. आपल्या वाड्याचं असंच होत आलंय. गावाची पाण्याची सरासरी, गावाची जमिनीची सरासरी, आणि वेशीबाहेरच्या चाळीस घरांना तीच. गावात विहिरी सात म्हणून वाड्यालाही सात. कुठल्या बामणानं कट करून लिहिलं असंही नाही. चाळीस घरं मोजायला परवडत नाहीत एवढंच कारण पुरतं.

१९७९ साली त्या ब्युरोतल्या रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट या दोघांनी छापून मांडलं की असं करू नका. लहान गावाचं उत्तर थरथरतं हे खरं, पण ते पूर्ण फेकू नका. शेजारपाजारच्या माहितीवरून अंदाज काढा आणि गावानं स्वतः जे सांगितलं त्यालाही त्यात वजन द्या, थोडं का होईना. काही गावांत १९७३ साली पूर्ण गणती झाली होती, तिच्याशी पडताळून त्यांनी दाखवलं की नुसतं गावाचं किंवा नुसतं काउंटीचं धरण्यापेक्षा हे खऱ्याच्या जवळ जातं. आजचा काउंटीचा आकडा त्याच दोन काट्यांवर उभा आहे. मी कवी माणूस, मला गणितातलं सगळं कळलं असं नाही. पण पाचशे माणसांच्या गावाचं म्हणणं फेकू नका हे मला नीट कळलं.

आता कुणी समजू नये की मी अमेरिकेची आरती करतोय. त्या आकड्यात खोट आहे. लाउन्ड्सच्या मधल्या घरात काळं घर आणि गोरं घर एकाच रांगेत उभं असतं, सायपे दोघांचं वेगळं सांगत नाही. कमाई सांगतो, कर्ज नाही, जमीन नाही. ड्युबॉइसनी नेमकं तेच विचारलं होतं. तिथली माती चिकण, पाणी मुरत नाही, चालेल अशी सेप्टिक टाकी बसवायला कित्येक हजार डॉलर लागतात. कित्येक घरांचा मैला नळीतून मागच्या अंगणात येतो. त्यावर २०२३ साली केंद्राच्या न्याय खात्यानं अलाबामाच्या आरोग्य खात्याशी करार केला आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये नवं सरकार आल्यावर तो मोडला. उत्पन्नाचा आकडा मात्र दर वर्षाचा काढतात.

पण तो काढतात तरी. आता आपल्या घरात या.

महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न छापतात. जिल्ह्यात काय पिकलं, काय बनलं, किती धंदा झाला ते मोजायचं, कुठं नीट मोजता येत नसेल तिथं राज्याच्या आकड्यातून वाटणी करायची, आणि डोक्यांनी भागायचं. ही सरासरी. माझ्या टोळीतल्या अकराव्या माणसासकट. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे त्यात एकत्रच. मी जिथं राहतो आणि जिथं बोट उतरवतो, दोन्हीकडचा माझा वाटा मलबार हिलच्या वाट्यात मिसळून मला परत मिळतो. नंदुरबारातल्या भिल्लाला नंदुरबारच्या सावकारासकटची सरासरी मिळते. मधलं घर कुठं आहे? छापलेलं नाही. दोन टोकं? नाहीत.

घराचं उत्पन्न विचारायचे प्रयोग राष्ट्रीय नमुना पाहणीनं १९५० च्या दशकापासून करून पाहिले, आणि जमत नाही म्हणून सोडले. लोक उत्पन्न सांगतात ते खर्चापेक्षा कमी भरतं, म्हणून खर्चच विचारत राहिले. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेत खेड्यातल्या घराला विचारलं, पण काय? सगळ्यात जास्त कमावणाऱ्याची महिन्याची कमाई पाच हजारांच्या आत, पाच ते दहा, की दहाच्या वर. तीन चौकटी. चारांत तीन घरं पहिल्या चौकटीत पडली. आणि त्याच गणनेतले जातींचे आकडे कपाटात गेले ते बाहेर आलेच नाहीत. लाउन्ड्सचा कागद नष्ट केला म्हणतात, आमचा जपून ठेवलाय.

२०२५ साली दोन घोषणा झाल्या. एक, पुढच्या खानेसुमारीत जात विचारणार. दुसरी, २०२६ मध्ये देशभर घरांच्या उत्पन्नाची पाहणी घेणार. आपल्या सभांत पहिल्या घोषणेवर टाळ्या पडल्या. दुसरीवर कुणी ब्र काढला नाही. खानेसुमारी प्रत्येक घरात जाईल, पण तिथं घराची कमाई विचारत नाहीत. उत्पन्नाची पाहणी कमाई विचारेल, पण थोड्याच घरांत जाईल. त्यातली अनुसूचित जातीची घरं एका जिल्ह्यात किती येतील? बोटांवर मोजा. आणि एवढ्या थोड्या घरांवर आकडा काढता येत नाही म्हणून पुन्हा तेच, अख्ख्या राज्याची सरासरी घ्या आणि वाड्याला चिकटवा. आपण गप्प बसलो तर हेच होईल.

दोन काट्यांची युक्ती इथं चालेल का? अमेरिकेत उसनं घ्यायला प्राप्तिकराचे परतावे आहेत. माझ्या टोळीत परतावा भरणारा एकही नाही. आपल्याकडं रेशन कार्डाचा रंग आहे. पिवळं पंधरा हजारांच्या आत, केशरी एक लाखापर्यंत, पांढरं त्याच्या वर. १९९९ साली ठरलेल्या मर्यादा. माझ्या घरी केशरी कार्ड आहे, त्यामुळं एका टेबलावर मी लाखाच्या आत आणि दुसऱ्या टेबलावर अडीच लाखांच्या वर. अशा कागदांवरून उसना अंदाज काढला तर तो आमच्याच गळ्यात यायचा. म्हणून प्रत्यक्ष विचारलेली घरं वाढवा हे आधी मागायला पाहिजे. जिल्ह्याची सरासरी नको, मधलं घर द्या, आपल्या समाजाचं वेगळं द्या, आणि चूक किती होऊ शकते ते शेजारी छापा. हे मागणीपत्रक या अंकाबरोबर जोडलंय. पोलीस परवानगी लागणार नाही असला हा मोर्चा आहे, तरी लोक येणार नाहीत याची मला भीती आहे. मध्यकासाठी कोण घोषणा देतो?

शिष्यवृत्तीच्या दाखल्याविरुद्ध मी अर्ज केलाय. सोबत माझ्या डायरीतली एकशे नव्वद दिवसांची यादी, बोटींच्या नावांसकट. टोळीतल्या सात जणांनी खाली सह्या केल्यात, दोघांनी अंगठे. निकाल आला की छापू.

तोवर आपल्या वस्तीची गणती आपण करायची असं ठरलंय. फॉर्म बहिणीनं बनवलाय, एका पानाचा. घरोघर जाणाऱ्यांसाठी तिच्या सूचना तशाच देतो. रोजाचा दर विचारून थांबू नका, भरलेले दिवस विचारा. घरकाम करणाऱ्या बायांना दिवस विचारू नका, घरं किती आणि मालकिणीनं कापलेले खाडे किती ते विचारा. कर्जाचा रकाना सोडू नका. कुणी सांगायला नको म्हटलं तर जागा मोकळी ठेवा, मनानं भरू नका. भरलीच तर शेजारी ठळक 'अं' लिहा. फॉर्म रविवारी सकाळी दहाला विहारात मिळतील. पेन आपापलं आणा.